मोठ्याईंचे सोळा दोरे

तेल्हाऱ्याची मोटार भरली की सुटते, घड्याळ पाहून सुटत नाही. आम्ही मायलेकी कोवळ्या उन्हात येऊन बसलो, आणि ती सुटली तोवर गोदीने वाटेसाठी बांधलेली भाकरी संपवूनही टाकली होती. ड्रायव्हर म्हणाला, "पोट्टीनं गाडी हालायच्या अगुदरच मुक्काम गाठला." सगळी मोटार हसली. मी पदर पुढे ओढून खिडकीबाहेर पाहत राहिले.

मला चारचौघांत बोलता येत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. परत आल्यापासून सासूबाई, जाऊबाई आणि शेजारणी विचारतात, तिकडे काय काय झालं ते सांग. मी दोन वाक्यं सांगते आणि चुलीकडे जाते. म्हणून लिहून ठेवते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा चुकलंमाकलं असेल.

गोदी माझी मुलगी. तीही यंदा चौथी पास झाली आणि उन्हाळ्यापासून घरीच आहे. आमच्याकडे मुलींना पुढची शाळा नाही. अमरावतीत आमच्या माळी समाजाने मुलींसाठी एक बोर्डिंग काढलं आहे. जेवण, राहणं तिथे आणि शाळा गावात. पण ज्या मुलीचं अमरावतीत कोणीच नातेवाईक नाही, तिला घ्यायचं की नाही, यावर तिथे दोन तट पडले होते. गोदीचं तिथे कोणी नाही. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला वऱ्हाडातल्या आमच्या बायका जातात, त्याच वाटेवर अमरावतीत सभा ठेवली होती. तीन बायकांची समिती निवडायची आणि त्या समितीने लगेच हा प्रश्न निकालात काढायचा. गोदीच्या बाबांना मिरचीचा तोडा सोडून येता येत नव्हतं. निघताना ते एवढंच म्हणाले, "घेतलं त ठेव. नाही घेतलं त घेऊन ये." ऐकायला सोपं वाटलं.

रस्ताभर कापसाच्या गाड्या. दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले, झाडांना पांढरी फुलं आल्यासारखे. अर्ध्या वाटेत मोटार बंद पडली. पुरुष उतरले, मग बायकाही उतरल्या. एक म्हातारे बाबा तेवढे आत बसून राहिले. "मी पैसे बसाचे देल्ले, लोटाचे नाही," ते म्हणाले. शेवटी त्यांच्यासकट मोटार लोटली.

अकोल्याला जुन्या शहरात मोठ्याईंकडे मुक्काम. मोठ्याई म्हणजे माझ्या मामेसासूबाई. मोर्णा नदीच्या पलीकडे दाटीच्या गल्लीत त्यांचं घर आहे आणि दारातच फुलांचं दुकान. त्या मांडी घालून ओट्यावर बसतात, हाताने हार ओवतात आणि तोंडाने गल्ली चालवतात. आमच्या समाजातल्या सगळ्यांत वडील बाई त्याच. कुठलीही समिती असो, त्या तीत असतातच.

मी पाया पडले. त्यांनी गोदीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "आली घेऊन? काहून वं यमुने, चौथी झाली ना पोट्टी? तुही चौथीच झाली. तुहं काही अडलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग?"

मी ताटं मांडायला वळले. गोदीच म्हणाली, "मोठ्याई, मले पाचवी पाहाची हाय."

"पाहाले का ते देऊळ हाय?" त्या म्हणाल्या, पण वांग्याच्या भरिताचा मोठा गोळा तिच्याच ताटात पडला. मोठ्याईंचं असंच आहे. देतात सगळं, पण हो म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी आगगाडीने निघालो. मोठ्याईंबरोबर झेंडूची मोठी टोपली होती. रिकाम्या हाताने जायचं नाही, हा त्यांचा नेम. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. मोठ्याईंनी तिघांना विचारलं, तिघांनी तीन गाड्या दाखवल्या. त्यांनी चौथीच पसंत केली आणि ऐसपैस बसल्याही. गोदी खाली उतरून पाटी वाचून आली. "मोठ्याई, हे नागपूरची हाय." मग टोपली, वळकटी, लोटा आणि मोठ्याई अशी सगळी उतरवण्याची धांदल. फलाटावर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "वाचलं नसतं तरी उतरलीच असती मी. डब्याचा वासच येगळा येत होता."

अमरावतीला टांग्याने परकोटाच्या भिंतीशेजारून गेलो. गोदी मान वर करून भिंत पाहत होती. टांगेवाल्याने तिला विचारलं, "बेटी, पहली बार?" ती म्हणाली, "हो, पन मी आता इथंच राहनार हाय." मोठ्याईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घोड्याकडे पाहिलं.

बोर्डिंगच्या शेजारी एका वकिलांचं घर आहे. त्यांच्या पत्नी सुमतीबाई आमच्या समाजातल्या नव्हेत, म्हणूनच दोन्ही तटांनी त्यांना पंच नेमलं होतं. बाई उंच, धिप्पाड, मोकळ्या गळ्याच्या. त्यांचे यजमान बॅरिस्टरीसाठी आयर्लंड देशातल्या डब्लिन शहरी होते, तेव्हा त्याही तिथे राहून आल्या. मला वाटलं होतं, विलायतेला गेलेली बाई आमच्याशी काय बोलणार! त्यांनी दारातच टोपली उचलून घेतली आणि म्हणाल्या, "चला, हातपाय धुवा, कढी-गोळे गरम आहेत."

जेवण झाल्यावर ओसरीवर सगळ्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो. गावोगावच्या वीस जणी होत्या. बोलणं सभेवर आलं. मागच्या वेळी हात वर करून मतं घेतली, तर सुना सासवांचे हात पाहून आपले हात वर करत होत्या. एका सासूबाईंनी पाठ खाजवायला हात उचलला, तर मागे तिन्ही सुनांचे वर गेले. पुढे त्यावरून भांडण झालं ते वेगळंच. सुमतीबाई म्हणाल्या, "उद्या आपण आयर्लंडची रीत करून पाहू."

"ते कोनाचं राज्य हाय?" मोठ्याईंनी विचारलं.

"साहेबाचंच होतं. आपल्यासारखंच. भांडून सुटले."

"आपल्यासारखं कसं? आमाले त दोन मालक. वऱ्हाड निजामाचं आन् कारभार साहेबाचा."

यावर सुमतीबाई इतक्या हसल्या की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. मग त्यांनी सांगितलं ते मला जेवढं समजलं तेवढं लिहिते.

साहेबाने जाताना त्या लोकांशी एक करार केला. राज्य तुमचं, पण तुमच्या सभागृहात बसणाऱ्याने आमच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यायची. त्या सभागृहाला ते आपल्या भाषेत डॉइल (म्हणजे देशाची सभा) म्हणतात. करार झाला आणि काल एका ताटात जेवणारे लोक दुभंगले. करार मानणारे एका पक्षात, न मानणारे दुसऱ्यात. गोळ्याही चालल्या. सुमतीबाई जिच्या घरी भाड्याने राहत, तिचा नवरा एका पक्षाचा आणि भाऊ दुसऱ्याचा. दोघं एकाच टेबलावर जेवत, पण एकमेकांशी बोलत नसत. ती बाई मध्ये बसे आणि बटाट्याचं भांडं इकडून तिकडे सरकवी.

"बटाटे काहून?" एकीने विचारलं.

"तिकडे आपल्या भाकरीच्या जागी बटाटा. दोन्ही वेळ."

मोठ्याई म्हणाल्या, "बाप्पा! म्हंजे रोजचीच एकादस! मंग भांडतीन नाही त काय करतीन?"

करार न मानणारे लोक निवडून येत, पण शपथ नको म्हणून आत जाऊन बसत नसत. अशी पाच वर्षं गेली. शेवटी सरकारने कायदाच असा केला की त्यांना आत यावं लागलं. तेव्हा सुमतीबाई तिथेच होत्या. रस्त्यावर ही गर्दी. त्यांच्या पुढाऱ्याने धर्माचं पुस्तक उचलून कोपऱ्यात ठेवलं, वहीत सही केली आणि म्हणाला, ही नुसती सही, मी शपथ घेतलेली नाही.

"समजलं," मोठ्याई म्हणाल्या. "इटाळातल्या बाईनं लांबून हात जोडल्यावानी."

"आणि पुढे लोकांनी त्यांनाच जास्त निवडून दिलं. तेव्हा आधीचे, ज्यांच्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या होत्या ना, ते मुकाट्याने उठले आणि खुर्च्या रिकाम्या करून दिल्या. सभागृहच मुख्य प्रधान निवडतं. सभागृह नको म्हणालं की त्याने उठायचं. त्या दोघांशिवाय मजुरांचा पक्ष आहे, शेतकऱ्यांचाही होता."

"माळ्यायचा?"

"नव्हता."

"मंग कायचं राज्य," मोठ्याई म्हणाल्या आणि टरफलं सुपात लोटली.

मला एक गोष्ट फार आवडली. त्या सभागृहात एखाद्या गोष्टीवर मतं घेतात तेव्हा 'आहे' म्हणणारे एका दाराने जातात आणि 'नाही' म्हणणारे दुसऱ्याने. आपल्या भाषेत ते 'तॉ' आणि 'नील' म्हणतात, त्याचा अर्थ तेवढाच. भाषण येत नसलेल्या माणसालाही दारातून चालत जाता येतं. मी मनात म्हटलं, हे मला जमलं असतं.

मग मत देण्याची रीत. तिथे एकाच माणसाचं नाव धरायचं नसतं. मला पहिला कोण हवा, तो नसेल तर दुसरा कोण, तिसरा कोण, असे आकडे घालायचे. एका भागातून तीन-चार-पाच जण निवडायचे असतात. वीस मतं आणि तीन जागा असतील, तर सहा मतं मिळाली की माणूस निवडून आला, कारण विसांत सहा-सहाचे तीनच वाटे पडतात, चौथा पडत नाही.

"लिहायचं कोनी?" वलगावची एक बाई म्हणाली. "आन् नाव कोनी घ्यायचं? उभ्या राहनाऱ्या पारबतीबाईचं नाव, तेच माह्या सासूचं हाय. मी घेत नाही."

अडचण खरी होती. आमच्यात लिहिता येणाऱ्या चार-पाचच, आणि प्रत्येकीला कोणतं ना कोणतं नाव तोंडाने घेता येत नाही. सुमतीबाई विचारात पडल्या. त्यांची नजर आमच्या टोपलीवर गेली. मोठ्याई तोंडाने बोलत होत्या आणि हाताने झेंडू ओवत होत्या.

"ओवता तर सगळ्यांना येतं ना?" सुमतीबाई म्हणाल्या.

सकाळी मधल्या खोलीत पाच टोपल्या मांडल्या. उभ्या राहिलेल्या पाच जणी, प्रत्येकीचं एक फूल. मोठ्याई झेंडू. बोर्डिंग सांभाळणाऱ्या अमरावतीच्या राधाकाकू गुलाब. दर्यापूरच्या पार्वतीबाई शेवंती. आणखी दोघी कण्हेर आणि अबोली. एकेकीने आत जायचं, दोऱ्याला गाठ मारायची, जी सगळ्यांत आधी हवी तिचं फूल गाठीजवळ, मग दुसरीचं, मग तिसरीचं. दोरा गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकायचा. दार लोटलेलं. सासू बाहेर, सून आत.

राधाकाकूंचं म्हणणं होतं, ज्या मुलीचं गावात कोणी नाही तिला घेऊ नये. त्यात वाईट काही नव्हतं. त्या सांगत, "लेकरू तापानं फणफणलं त मी कोनाले बोलवू? आई तीन गावं पल्याड." पार्वतीबाई म्हणत, "जिचं कोनी नाही तिच्यासाठीच त बोर्डिंग." मला शेवंती हवी होती. रात्रभर मी मनात तेच घोकलं होतं.

पण आत गेले, सुई हातात घेतली आणि हात आपोआप झेंडूकडे गेला. मोठ्याईंच्या घरी जेवून आले, त्यांच्या पाया पडल्याशिवाय कधी उंबरा ओलांडला नाही, आणि त्यांच्या आधी दुसरं फूल ओवू? गाठीजवळ झेंडू गेला. त्याच्यामागे शेवंती. डब्यात दोरा टाकला आणि बाहेर येऊन बसले तेव्हा काय केलं ते ध्यानात आलं. चौथीपुढे शिकू नये म्हणणाऱ्या बाईला माझं पहिलं मत मी देऊन आले होते. गोदी अंगणात बोर्डिंगच्या मुलींबरोबर सागरगोटे खेळत होती. तिला हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.

सुमतीबाईंनी डबा सगळ्यांसमोर उघडला. एकेक दोरा उलगडायचा, गाठीजवळचं फूल दाखवायचं आणि त्या फुलाच्या सुपात ठेवायचा. झेंडू. झेंडू. झेंडू. गुलाब. झेंडू. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. झेंडूवर झेंडू येत राहिला. मोठ्याई पहिल्यांदा गंभीर बसल्या होत्या, मग त्यांनी पदर सावरला, मग पान काढलं.

विसांतले सोळा झेंडूचे निघाले. गुलाबाचे तीन. शेवंतीचा एक, तो पार्वतीबाईंचा स्वतःचाच असावा.

वलगावची बाई पदरात तोंड घालून हसत होती. "माय वं! सगळ्यायनंच मान देल्ला! मले वाटलं मी एकटीच."

"मीबी," दुसरी म्हणाली. "वडील मानूस पहिले नको?"

मोठ्याई म्हणाल्या, "मीबी मलेच घातलं. हसता काहून? मले माह्यापेक्षा जास्त कोन वळखते?"

मला वाटलं, झालं, खेळ संपला. माझ्यासारखीच सगळ्यांनी पहिली जागा मानाला दिली, आणि खरं मत तसंच राहिलं. पण सुमतीबाईंच्या चेहऱ्यावर काळजी दिसेना. त्या म्हणाल्या, "मोठ्याई निवडून आल्या. त्यांना सहा दोरे पुरतात. उरले दहा."

"उरले म्हंजे?" मोठ्याई पान चघळायचं थांबल्या.

"तुमचं काम सहांत झालं. जास्तीचे दहा वाया घालवायचे नाहीत. ज्या बायांनी ते दिले, त्यांच्या दुसऱ्या फुलाकडे जाणार. हीच त्यांची रीत."

"बाप्पा! माहे दोरे, आन् वाटाचे अगुदर मले इचारनार नाही?"

"तुम्हीच वाटा ना! प्रसाद तुमचा, हात तुमचा."

हे त्यांना पटलं. त्या पुढे सरकून बसल्या. सोळाही दोरे दुसऱ्या फुलाप्रमाणे वेगळे केले. मागून शेवंती आठ दोऱ्यांत, गुलाब पाचांत, कण्हेर तिनांत. सोळांतले दहा द्यायचे, म्हणून त्याच हिशेबाने मोठ्या ढिगातून जास्त आणि लहानातून कमी. शेवंतीला पाच, गुलाबाला तीन, कण्हेरीला दोन. मोठ्याई गाठ तोडून झेंडू काढत, पुन्हा गाठ मारत आणि दोरा ज्याच्या त्याच्या सुपात ठेवत. त्यांच्या बोटांना ते सहज जमत होतं.

शेवंतीचे सहा झाले. गुलाबाचेही सहा. मोठ्याई, पार्वतीबाई आणि राधाकाकू, तिघी निवडून आल्या. माझा दोरा पाचांतला होता की मागे राहिलेल्यांतला, ते मला ठाऊक नाही. पण माझ्यासारख्या दुसऱ्या सात जणींनी मानाच्या मागे शेवंतीच ओवली होती आणि माझ्याइतक्याच गप्प बसून ओवली होती, हे पाहून मला शेंगदाण्याएवढा का होईना, धीर आला.

वडील म्हणून मोठ्याईंना अध्यक्ष केलं. खुर्ची आणली. त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या. तेव्हा सुमतीबाईंनी सांगितलं की डॉइलमध्ये खुर्चीत बसणाऱ्याने मत द्यायचं नसतं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरच द्यायचं. पुढच्या निवडणुकीला मात्र त्याला उभंही राहावं लागत नाही, तो आपोआप निवडून आला असं धरतात.

"ते आपोआपवालं बरं हाय," मोठ्याई म्हणाल्या. "पन म्हंजे सोळा दोरे माहे, आन् तोंड बांधलेलं माहंच?"

लगेच प्रश्न निघाला. नातेवाईक नसलेल्या मुलीला घ्यायचं का? पार्वतीबाई म्हणाल्या, "आहे." राधाकाकू म्हणाल्या, "नाही." दोन्ही बाजू सारख्या. सगळ्यांची तोंडं खुर्चीकडे वळली.

मोठ्याई म्हणाल्या, "पाहा, सुटलं माहं तोंड." कोणी हसलं नाही. त्यांनी मला बोलावलं. "यमुने, इकडं ये. पोट्टी तुही. तुहं काय म्हननं हाय?"

मी उठले. वीस जणी बसलेल्या. आयुष्यात इतक्या माणसांपुढे मी उभी राहिले ती फक्त लग्नात, आणि तेव्हा मध्ये अंतरपाट होता. अंगणातून गोदीचा आवाज येत होता. ती हरली असावी, कारण डाव पुन्हा मांडा म्हणत होती.

"बोल ना वं. मी का वाघ हाओ?"

मी म्हटलं, "मले राहवनार नाही तिच्याबिना." बायका चुकचुकल्या. राधाकाकूंनी मान हलवली, पाहा, म्हणजे आईलाच नको आहे अशी. मी घाईने म्हटलं, "पन ठेवा तिले. मले राहवनार नाही ते मी पाहीन. तिले ठेवा."

एवढंच बोलले. खाली बसायचं सुचलं नाही, उभीच राहिले.

मोठ्याईंनी पान गालात सारलं. मग सुमतीबाईंना विचारलं, "तिथं तो खुर्चीवाला, बराबरी झाली का कोनीकडं जाते?"

"त्याने आपलं मत चालवायचं नाही असा संकेत आहे. ज्याने गोष्ट कायमची बंद होईल असं काही करायचं नाही. सभागृहाला पुन्हा विचार करता यावा, असं पाहायचं."

"हं." मोठ्याईंनी पाय खाली सोडले. "माहं मत इचारसान त चौथी लय झाली. पन आता मी खुर्चीत हाओ. पोट्टी वापस नेली त ते घरी बसते, दोन वर्षांत लगन, मंग काय इचार करता? गोष्ट खतम. आन् ठेवली, नाही जमलं, त कवाबी नेता येते. मंग ठेवल्यानंच गोष्ट उघडी राहते ना?" त्या राधाकाकूंकडे वळल्या. "राधे, संक्रांतीपर्यंत ठेवू. तापली-बिपली त मले तार कर, मी येतो. संक्रांतीले पुन्हा बसू."

राधाकाकूंनी सुपातले दोरे गोळा केले. मग म्हणाल्या, "तुमी येसान त ठीक हाय. पन पोट्टीले सांगजा, बोरं खाऊन खोकला आनला त मी धोपटीन." म्हणजे ठेवून घेतलं.

गोदीला सांगितलं तेव्हा ती नाचली नाही, ओरडली नाही. माझ्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. मग विचारलं, "आई, तू बोलली?"

"बोलले."

"सगळ्यायपुढं?"

"हो."

"खोटं," ती म्हणाली आणि खेळायला गेली.

बाकीच्या बायका लॉरीने कौंडण्यपूरला जाणार होत्या. मोठ्याईंच्या गुडघ्यांना लॉरी सोसत नाही, म्हणून आम्ही दोघी परत निघालो. गोदी दारापर्यंतच आली. पार्वतीबाईंनी तिचा हात धरला होता आणि राधाकाकू तिच्या वेणीला रिबीन बांधत होत्या. टांगा हलला. मी वळून पाहिलं नाही. मोठ्याईंनीच पाहिलं आणि म्हणाल्या, "रडत नाही वं. बेशरम हाय. टिकन."

गाडीत त्यांनी मूर्तिजापूरपर्यंत अख्ख्या डब्याला सांगितलं की आपण सोळा दोऱ्यांनी निवडून आलो आणि त्यातले दहा गोरगरिबांना वाटले. एका मास्तरांनी विचारलं, कुठल्या पक्षाच्या? "खुर्चीच्या," त्या म्हणाल्या. अकोल्याला मला मोटारीत बसवून देताना त्यांनी हातात पेढ्यांचा पुडा दिला. "घरी पहिले देवापुढं ठेव. आन् यमुने, तू उभी राहून बोलली, ते कोनाले सांगू नको. सुना बिघडतात." असं म्हणून त्या हसल्या. इतकी वर्षं मी त्यांना भीत आले, पण त्या माझ्याकडे पाहून हसल्याचं मला त्याच दिवशी दिसलं.

मोटारीत माझ्याशेजारची जागा रिकामी होती. मला राहून राहून वाटत होतं, तो देश मी पाहिला नाही, पाहणारही नाही. समुद्र तरी कुठे पाहिला आहे? पण तिथली माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती, आणि तरी एका छपराखाली बसून आहे, नाही म्हणायला शिकली. माझ्या मनातही त्या दिवशी 'आहे' आणि 'नाही' शेजारी शेजारी बसले होते. अजूनही बसलेले आहेत. संक्रांतीला मोठ्याई पुन्हा विचारतील. काय सांगायचं ते मी आतापासून ठरवत नाही.

तेल्हाऱ्याला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. गोदीचे बाबा बैलबंडी घेऊन आले होते. बंडीत त्यांनी कडब्यावर एक वाकळ अंथरली होती आणि गोदीची छोटी गोधडी घडी घालून ठेवली होती. त्यांनी मला उतरताना पाहिलं. माझ्यामागे अजून कोणी उतरतं का, तेही पाहिलं. मोटार पुढे गेली. मग त्यांनी गोधडीची घडी मोडली, झटकली आणि माझ्या खांद्यावर घातली. थंडी फार नव्हती. मी ती घट्ट लपेटून घेतली आणि बंडीत बसले.